शासकीय आरोग्य योजना स्वीकारणारे फिजिशियन मराठवाड्यात कसे शोधावेत?

येलदरीकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. मागच्या उन्हाळ्यातील तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे किती काम करतात ते दाखवणारी रक्ततपासणी) २.१ आले, तेव्हापासून मूत्रपिंडांकडेही लक्ष ठेवावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आम्ही जिंतूर तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी आहोत आणि आमचे घर सोयाबीन व तुरीवर चालते. रेशनकार्ड केशरी आहे. गावात शिबिर झाले तेव्हा वडिलांचे आयुष्मान कार्डही (केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचे) काढून घेतले आहे. धाकटा भाऊ छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे.

परभणीतील ज्या एम. डी. मेडिसीन डॉक्टरांकडे (फिजिशियन, म्हणजे शस्त्रक्रियेऐवजी औषधोपचार करणारे तज्ज्ञ) आम्ही वडिलांना दर महिन्याला नेतो, त्यांच्या निदानाबद्दल आणि वागणुकीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र त्यांची फी, रक्त-लघवीच्या चाचण्या आणि औषधे यांचा एकत्रित खर्च आता आम्हाला पेलवत नाही आणि तिथे कार्ड दाखवले की 'ओपीडीला (दाखल न होता घेतलेल्या उपचाराला) महात्मा फुले-आयुष्मान योजना चालत नाही' असे सांगितले जाते. दुसरा अनुभव याहून कठीण होता. पावसाळ्यात वडिलांना न्यूमोनिया झाला तेव्हा, दारावर योजनेचा मोठा फलक असलेले एक खाजगी रुग्णालय पाहून आम्ही त्यांना तिथे नेले. दाखल करून घेतल्यानंतर मात्र 'आमच्याकडे योजना हाडांच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी आहे, मेडिसीनसाठी नाही' असे सांगण्यात आले. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेल्या माणसाला रात्री दुसरीकडे हलवण्याची आमची हिंमत झाली नाही. बिलासाठी आडत्याकडून उचल घ्यावी लागली आणि ती अजून फिटलेली नाही.

शासकीय विमा स्वीकारणारे फिजिशियन खरोखर असतात का? असतील तर ते आधीच कसे ओळखावेत? आणि दर महिन्याच्या तपासणीसाठी आमच्यासारख्यांनी नेमके कुठे जावे? या कामाची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजी आरोग्यमित्र, लातूर

आपला प्रश्न वाचून वाईट वाटले, कारण योजनेच्या मदत कक्षात बसत असताना याच दोन गोष्टींचा उलगडा मला अनेक नातेवाइकांना करून द्यावा लागत असे आणि बहुतेक वेळा तोपर्यंत उशीर झालेला असे.

योजनेचा करार एकट्या डॉक्टरांशी होत नाही, तो रुग्णालयाशी होतो आणि तोही विशेषज्ञ सेवेनुसार होतो. म्हणजे एखादे रुग्णालय अस्थिरोग आणि सर्जरीसाठी योजनेत असेल, पण मेडिसीनसाठी नसेल, असे घडू शकते. दारावरच्या फलकावर योजनेचे नाव आणि मुख्यमंत्री-पंतप्रधानांची छायाचित्रे ठळक दिसतात; कोणत्या आजारांसाठी करार आहे ते मात्र त्यावरून कळत नाही. म्हणून 'तुमच्याकडे योजना आहे का?' एवढेच विचारून थांबू नये. 'जनरल मेडिसीन आणि आयसीयूसाठी योजना आहे का, आणि पूर्णवेळ फिजिशियन आहेत का?' असे स्पष्ट विचारावे. हे स्वागत कक्षात न विचारता आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारावे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते आणि आरोग्यमित्र हा रुग्णालयाचा नोकर नसतो. घरातून निघण्यापूर्वी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या निःशुल्क क्रमांकांवर जिल्हा आणि आजार सांगितला तर जवळचे योग्य रुग्णालय कळते. आयुष्मान भारतचा स्वतंत्र क्रमांक १४५५५ आहे.

आता कार्डांबद्दल सांगतो, कारण गावोगावी अजून जुनीच माहिती फिरते आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यात नांदेड होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि १ एप्रिल २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडून राबवली जाऊ लागली. त्या काळात पिवळे आणि केशरी कार्ड, तसेच शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाचे शेतकरी पात्र होते. मराठवाड्याचे सगळे जिल्हे त्या १४ मध्ये होते, म्हणून आपल्याकडे सातबारा मागण्याची पद्धत पडली. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व रेशनकार्डधारक कुटुंबे योजनेत आली आणि कुटुंबाचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेले. तरीही 'पांढरे कार्ड आहे, आपल्याला काही मिळत नाही' असे समजून घरी बसणारे लोक आजही भेटतात, त्यांना कृपया हे सांगावे.

आपल्या वडिलांचे वय ७२ आहे, म्हणून आणखी एक काम करून घ्या. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि कुटुंब आधीच आयुष्मान भारतमध्ये असेल तर घरातील ७० वर्षांवरील सदस्यांसाठी वर्षाला ५ लाखांचे वेगळे संरक्षण जोडले जाते. त्यासाठी आधार कार्ड लागते. शेतात राबलेल्या माणसांचे बोटांचे ठसे यंत्रावर पुष्कळदा उमटत नाहीत. तसे झाल्यास परत फिरू नका, चेहऱ्यावरून किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवता येते. रेशनकार्डावरचे आणि आधारवरचे नाव एकसारखे आहे का, तेही आजच पाहून ठेवा. एकीकडे 'बाबुराव' आणि दुसरीकडे 'बाबू' एवढ्याशा फरकामुळे मध्यरात्री दाखल झालेल्या रुग्णांची कागदपत्रे अडलेली मी पाहिली आहेत.

फिजिशियन, बीड जिल्हा

मी एम. डी. मेडिसीन आहे आणि ज्या रुग्णालयात काम करतो ते मेडिसीन आणि अतिदक्षता या दोन्ही सेवांसाठी योजनेत आहे. वरील प्रतिसादातील माहिती बरोबर आहे. डॉक्टरांच्या बाजूने जे सांगायला हवे ते थोडे सविस्तर लिहितो, कारण ते समजले तर आपली पुढची धावपळ कमी होईल.

ही योजना मूलतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आखलेली आहे. फिजिशियनचे रोजचे काम मात्र दाखल न होणाऱ्या रुग्णांत चालते. कोणाची साखर, कोणाचा रक्तदाब, कोणाचे थायरॉइड, कोणाचा चुलीच्या धुराने जुनाट झालेला दमा, असे रुग्ण दर महिन्याला येतात, औषधांची मात्रा थोडी कमी-जास्त होते आणि त्यामुळेच पुढची आपत्ती टळते. या कामाला योजनेत जवळजवळ जागा नाही. मधुमेही माणूस बेशुद्ध होऊन आला, त्याला अर्धांगाचा झटका आला, हृदयविकाराचा झटका आला किंवा मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसची वेळ आली, की मात्र योजना उभी राहते. आपल्या परभणीच्या डॉक्टरांनी 'ओपीडीला चालत नाही' असे सांगितले त्यात लबाडी नाही, तो योजनेचाच ढाचा आहे. माझे मत विचाराल तर तो चुकीचा आहे. आपल्या वडिलांसारख्या रुग्णाची पाच वर्षांची गोळ्या-तपासणी आणि त्याच रुग्णाचे आयुष्यभराचे डायलिसिस यांत शासनाला स्वस्त काय पडेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अनेक रुग्णालये मेडिसीनसाठी योजनेत यायला का कचरतात. शस्त्रक्रियेचे पॅकेज, म्हणजे योजनेकडून मिळणारी रक्कम, ठरलेले असते. हर्नियाचा रुग्ण कधी घरी जाईल ते दाखल करतानाच माहीत असते. न्यूमोनियाचा रुग्ण पाच दिवसांत चालत घरी जाईल की व्हेंटिलेटरवर जाईल, हे पहिल्या दिवशी कोणी सांगू शकत नाही. मेडिसीनच्या बऱ्याच उपचारांना दिवसाच्या हिशेबाने मंजुरी मिळते आणि मुक्काम वाढला की पुन्हा कागद पाठवावे लागतात. रुग्णाला दाखल करणे खरोखर गरजेचे होते, हे एक्स-रे, रक्ताचे अहवाल, ऑक्सिजनच्या नोंदी आणि खाटेवरील छायाचित्र यांवरून सिद्ध करावे लागते. रक्तातील वायूंच्या तपासणीची चिठ्ठी ज्या कागदावर छापून येते त्यावरची शाई काही आठवड्यांत उडून जाते. ती वेळेवर स्कॅन करून ठेवली नाही तर दाव्यावर शंका काढली जाते आणि मग कोरी चिठ्ठी हातात धरून बसावे लागते. त्यात पैसे उशिरा आले की लहान रुग्णालयांना परिचारिकांचे पगार आणि औषध दुकानदारांची उधारी सांभाळणे अवघड जाते. हे सांगून मी आपल्याला आलेल्या अनुभवाचे समर्थन करत नाही. मेडिसीनसाठी करार नसेल तर ते दारातच, रुग्णाला आत घेण्यापूर्वी सांगायला हवे होते आणि स्थिर करून योग्य ठिकाणी पाठवण्याची तयारी दाखवायला हवी होती.

आणि तरीही या भागात ही योजना आम्हा फिजिशियन लोकांसाठी फार मोलाची आहे. पेरणीपासून काढणीपर्यंत सर्पदंशाचे रुग्ण येतात. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या मिटू लागतात, मान धरवत नाही, श्वास उथळ होतो. अशा वेळी विषरोधक लस आणि व्हेंटिलेटर मिळाला तर तोच माणूस काही दिवसांत स्वतःच्या पायांनी घरी जातो. कीटकनाशक पोटात गेलेले रुग्णही असेच वाचवता येतात. पूर्वी अशा रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना पहिला विषय पैशांचा निघे, कारण व्हेंटिलेटरचा एकेक दिवस त्यांना जमीन गहाण टाकण्याकडे नेत असे. आता तो विषय बाजूला ठेवून उपचार सुरू करता येतात, कारण तातडीच्या रुग्णासाठी आरोग्यमित्रामार्फत फोनवरून सूचना देऊन मंजुरी घेण्याची सोय आहे आणि राहिलेली कागदपत्रे नंतर जोडता येतात.

आता आपल्या वडिलांबद्दल. मी त्यांना तपासलेले नाही, त्यामुळे औषधांची नावे लिहिणार नाही. मात्र क्रिएटिनिन २.१ असलेल्या ७२ वर्षांच्या मधुमेही रुग्णाच्या बाबतीत काही गोष्टी निःशंकपणे सांगता येतात. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या पूर्णपणे बंद करा. मूत्रपिंडांची राहिलेली ताकद त्या खातात. गावात मिळणारी भस्मे आणि बिननावाच्या पुड्याही देऊ नका. मधुमेहाच्या काही गोळ्यांची मात्रा मूत्रपिंडांच्या क्षमतेनुसार कमी करावी लागते, म्हणून प्रत्येक डॉक्टरांना क्रिएटिनिनचा अहवाल आधी दाखवा. लघवीतील प्रथिने आणि रक्तातील पोटॅशियम तपासले आहे का, ते विचारा आणि वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या.

दर महिन्याच्या तपासणीसाठी माझा सल्ला सरकारी रुग्णालयाचा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत शुल्क घेतले जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्याने तो निर्णय त्यांना लागू झाला नव्हता, पण तिथले दरही खाजगीच्या मानाने फारच कमी असतात. असंसर्गजन्य आजारांचा जो कक्ष सरकारी रुग्णालयात असतो तिथे नाव नोंदवा. रक्तदाब-मधुमेहाची नेहमीची औषधे तिथून घ्या, साठा संपला असेल तर त्याच घटकांची स्वस्त औषधे सरकारी जनऔषधी केंद्रातून घ्या. आणि आपल्या परभणीच्या डॉक्टरांना सोडू नका. दर महिन्याऐवजी तीन-चार महिन्यांतून एकदा, सगळे अहवाल घेऊन त्यांना दाखवा. परिस्थिती मोकळेपणाने सांगितलीत तर बहुतेक फिजिशियन अशी आखणी करून देतात. मूत्रपिंड तज्ज्ञांचा सल्लाही एकदा घ्यावा असे मला वाटते. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा नांदेडचे शासकीय महाविद्यालय, जे सोयीचे असेल तिथे चौकशी करा. पुढे कधी डायलिसिसची वेळ आलीच तर ते योजनेत समाविष्ट आहे, या एका बाबतीत तरी धास्ती बाळगू नका.

वाळूजचा कामगार

डॉक्टरसाहेबांनी एवढे तपशिलाने लिहिले आहे की आजारावर मी काही बोलणार नाही. आपण भाऊ वाळूजला कंत्राटी कामगार असल्याचे लिहिले आहे, त्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तिच्यात, कंत्राटी कामगारही येतात. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. आपल्या भावाच्या पगारपत्रकात ही कपात दिसते का, ते आधी पाहा. कंत्राटदार कपात करतो पण क्रमांक हातात देत नाही, असे येथे होते. तेव्हा भावाने विमा क्रमांक मागून घ्यावा. या विम्यात ओपीडी आहे, तपासण्या आहेत, औषधे आहेत, आणि कामगारावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावेही त्यात घालता येतात. आई-वडिलांच्या स्वतःच्या उत्पन्नाला मर्यादा आहे, म्हणून शेती कोणाच्या नावावर आहे आणि उत्पन्न किती दाखवले आहे, ते तपासावे लागेल. माझ्या आईची रक्तदाबाची औषधे याच मार्गाने मिळतात. छत्रपती संभाजीनगरला कामगार विम्याचे रुग्णालय आहे. तिथे रांग मोठी असते आणि जिंतूरहून दर महिन्याला येणे वडिलांना झेपणारे नाही. पण भाऊ इथेच राहत असेल आणि वडील काही दिवस त्याच्याकडे येऊन राहत असतील तर सविस्तर तपासण्या तेवढ्या मुक्कामात होऊन जातील.

येलदरीकर

आपल्या सर्वांचा मनापासून आभारी आहे. भावाला फोन करून पगारपत्रक पाहायला सांगितले. कपात होते आहे आणि विमा क्रमांक त्याच्याजवळ नाही. तो उद्याच कंत्राटदाराकडे मागणार आहे. वडील गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळी जवळजवळ रोज घेत होते, हे आईकडून आजच कळले. ती बंद केली आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. न्यूमोनियाच्या वेळी भरलेले बिल योजनेतून परत मिळू शकते का? आणि योजनेत दाखल झाल्यानंतरही बाहेरून औषधे आणायला सांगितले किंवा 'वरचा फरक' मागितला, तर काय करावे? आमच्या गावातील एका कुटुंबाला असा अनुभव आला होता.

माजी आरोग्यमित्र, लातूर

झालेले बिल परत मिळणे कठीण आहे, आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. योजना रोकडविरहित आहे. रुग्ण दाखल असतानाच नोंदणी आणि मंजुरी व्हावी लागते, आणि त्या रुग्णालयाचा मेडिसीनसाठी करारच नसेल तर योजनेकडे दाद मागायला आधार उरत नाही. तरीही बिल आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. ते रुग्णालय एखाद्या धर्मादाय न्यासाचे असेल तर गोष्ट वेगळी आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. दाखल करताना तुम्हाला ही माहिती दिली होती का, असा अर्ज जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात करता येतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. मंजूर झालेल्या उपचारात खाट, डॉक्टर, तपासण्या, औषधे, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे भाडे हे सर्व धरलेले असते, आणि त्याच उपचारासाठी रुग्णाकडून रक्कम घेता येत नाही. कोणी मागितली तर वाद घालू नका आणि मुकाट्याने देऊही नका. आधी त्याच मजल्यावरून आरोग्यमित्राला बोलवा. त्याने टाळले तर १५५३८८ वर रुग्ण दाखल असतानाच तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, कारण डिस्चार्ज झाल्यानंतरच्या तक्रारीत दम राहत नाही. नाइलाजाने पैसे द्यावेच लागले तर छापील पावतीशिवाय देऊ नका आणि बाहेरून आणलेल्या प्रत्येक औषधाचे बिल रुग्णाच्या नावाने घ्या. अशा पक्क्या पावत्या जोडलेल्या तक्रारींवर जिल्हा समन्वयकांनी रुग्णालयाला बोलावून पैसे परत करायला लावलेले मी स्वतः पाहिले आहे. आणि साध्या वहीच्या कागदावर लिहून दिलेल्या आकड्यांचे काहीच होऊ शकले नाही, हेही पाहिले आहे.

फिजिशियन, बीड जिल्हा

गोळी बंद केलीत हे फार चांगले झाले. आता क्रिएटिनिनची तपासणी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करून घ्या. गोळी थांबल्यावर आकडा काही प्रमाणात खाली येऊ शकतो आणि त्यावरून पुढच्या डॉक्टरांना मूळ आजाराची नेमकी पातळी कळेल. दरम्यान पायांवर सूज आली, लघवी कमी झाली किंवा सपाट झोपल्यावर धाप लागू लागली तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. गुडघ्यांसाठी कोणते औषध चालेल, ते तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांना हा अहवाल दाखवून विचारा, म्हणजे वेदना असह्य होऊन वडील पुन्हा तीच गोळी आणवणार नाहीत.